केलॉइड कापण्याआधी शेकाची तारीख ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लग्नसराईत आमच्याकडे सोनाराच्या दुकानात कान टोचून घेणाऱ्या मुलींची गर्दी असते. माझ्या मुलीनेही सतराव्या वर्षी कानाला वरच्या बाजूस दुसरे छिद्र पाडून घेतले. चार-पाच महिन्यांत तिथे मुगाएवढी कडक गाठ आली. कान पिकला असेल असे समजून आम्ही हळद-तेल लावत राहिलो आणि वर्षभरात ती चिंचोक्याएवढी झाली. रात्री खाज सुटे, त्या कुशीवर झोपता येत नसे, आणि भर वैशाखातही मुलगी केस मोकळे सोडून कान झाकून घेई.

ही गाठ म्हणजे केलॉइड. साधा वण जखमेच्या हद्दीत राहतो. केलॉइड मात्र ती हद्द ओलांडून आजूबाजूच्या निरोगी त्वचेवर पसरतो. कान, छाती, खांदा आणि पाठीचा वरचा भाग ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांत त्याचे प्रमाण अधिक असते. तो कर्करोग नाही, संसर्गजन्यही नाही.

एका डॉक्टरांनी 'किरकोळ गाठ आहे' म्हणून ती कापून काढली आणि आठ महिन्यांत तिथेच बोराएवढी गाठ उभी राहिली. दुसऱ्या वेळी शस्त्रक्रियेनंतर आमच्या हातात रेडिओथेरपीसाठी, म्हणजे क्ष-किरणांसारख्या किरणांच्या ज्या उपचाराला लोक शेक म्हणतात त्यासाठी, दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयाची चिठ्ठी देण्यात आली. तिथे आम्हाला अकराव्या दिवशी नंबर मिळाला. टाके निघाले होते, जखम भरली होती आणि शेकाची खरी वेळ टळून गेली होती. गाठ पुन्हा आली.

नुसती कापलेली केलॉइडची गाठ निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत परत येते, कारण नवी जखम त्वचेतील तंतू बनवणाऱ्या पेशींना पुन्हा चेतवते. या पेशी वाढीला लागण्याआधीच त्यांना आवरणे हे शेकाचे काम. म्हणून तो शक्यतो 24 तासांच्या आत सुरू करतात. त्यानंतर गाठ परत येण्याचे प्रमाण साधारण पाचात एकाच्या आसपास उतरते. कानाच्या बाबतीत निकाल अधिक चांगला असतो, छातीच्या बाबतीत तितका नाही. तिसऱ्या वेळी नाशिकला सकाळी शस्त्रक्रिया झाली, त्याच संध्याकाळी पहिला शेक मिळाला आणि पुढचे दोन दिवस उरलेले दोन. दोन वर्षे झाली, कडेची त्वचा थोडी काळवंडली आहे एवढेच.

'शेक' हा शब्द ऐकताच घरातील वडीलधारी माणसे घाबरतात, हे मी जवळून पाहिले आहे. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. कर्करोगासाठी अनेकदा 50 ग्रेहून अधिक मात्रा लागते. केलॉइडसाठी बहुधा 12 ते 20 ग्रे, तीही त्वचेच्या वरच्या थरापुरती. तरीही धोका शून्य नाही. गरोदर स्त्रियांना हा शेक देत नाहीत, लहान मुलांना शक्यतो टाळतात, आणि मानेवर वा छातीवर देताना थायरॉइड आणि स्तन झाकले जातात. लहान गाठीसाठी आधी स्टेरॉइडची इंजेक्शने, सिलिकॉन जेल आणि दाब हे उपाय करून पाहणेच योग्य.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधील शल्यचिकित्सकांना माझी कळकळीची विनंती आहे की ज्या गाठीला शेक लागणार आहे, तिच्यावरील शस्त्रक्रियेची तारीख शेक देणाऱ्या विभागाशी स्वतः बोलून, त्याच दिवसाचा किंवा दुसऱ्या दिवसाचा नंबर पक्का झाल्यावरच ठरवावी. ताज्या जखमेवर पट्टी बांधलेल्या मुलीला घेऊन अनोळखी रुग्णालयात खिडकीखिडकीवर चौकशी करत फिरण्याचे काम पालकांवर सोडू नये. जिल्हा आरोग्य यंत्रणेनेही शेकाची सोय कुठे आहे आणि तिथे कोणाशी बोलायचे याची माहिती प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लावावी.

आपली,
एक पालक, अमळनेर (जि. जळगाव)