काच छपरात, दार जमिनीखाली

कोलंबस, ओहायो
12 ऑक्टोबर

प्रिय सुन्या,

परवा फोनवर बोलताना तू विचारलंस, "इतकी काय गाडी आहे ती?" फोनवर सांगून भागणार नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे 1972 ची ओल्ड्समोबाइल कस्टम क्रूझर आहे, स्टेशन वॅगन. पूर्वी रेल्वे स्टेशनवरून पाहुणे आणि त्यांचं सामान आणायला जी गाडी ठेवत, तिचं हे नाव. लांबी जवळपास 19 फूट, वजन दोन टनांच्या वर. बाजूला लाकूड दिसतं ते लाकूड नाही, लाकडाच्या छापाचं प्लॅस्टिक आहे. ते जाऊ दे. रविवारी त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली, गाडीच्या मागे नेलं आणि म्हणाले, फिरव.

फिरवली. मागची काच वर सरकली आणि वळत वळत छपराच्या पोटात गेली. मग काचेखालचा पत्रा खाली उतरून गाडीच्या तळाखाली नाहीसा झाला. सुन्या, दार कुठेच नाही! समोर फक्त मोकळं भोक. मी ते चार वेळा बंद केलं, चार वेळा उघडलं.

1971 ते 1976 या काळात जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगनना हे दार होतं. लोक त्याला क्लॅमशेल म्हणतात. भिंतीला टेकून गाडी लावली किंवा मागे ट्रेलर जोडलेला असला तरी ते उघडतं, कारण त्याला मागे जागाच लागत नाही. आत चार बाय आठचं प्लायवूड आडवं ठेवून दार लावता येतं. हो, आपल्या बाजारपेठेत मिळतो तोच चार बाय आठ. फोर्डने 1966 साली वेगळी युक्ती केली होती: तेच दार फळीसारखं खाली पडे आणि कपाटासारखं बाजूलाही उघडे. मला विचारशील तर रोजच्या वापराला फोर्डचंच बरं. त्या फळीवर बसून डबा खाता येतो, लांब बांबूला टेकू मिळतो. क्लॅमशेलच्या खाचांत धूळ-पाला बसतो, तो सतत काढावा लागतो. पण डोकं कुणी जास्त चालवलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता तुझ्या आवडीचं. बॉनेटखाली 455 घन इंचांचं व्ही-8, आठ सिलिंडरांचं इंजिन आहे, म्हणजे साडेसात लिटर. काकांच्या अँबॅसॅडरचं 1489 सीसी आठव. तशी पाच इंजिनं यात मावतात! मारुती 800 चं अख्खं इंजिन याच्या एका सिलिंडरपेक्षा लहान. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 108 मिलिमीटर, त्यामुळे जोर अगदी खालच्या फेऱ्यांत मिळतो. नऊ माणसं आणि सामान घेऊन गाडी चढाला लागली तरी आवाज चढत नाही. कार्बोरेटर चार भोकांचा आहे, क्वाड्राजेट: पुढची दोन लहान, मागची दोन चांगलीच मोठी. हळू चालवलं तर लहानांवर भागतं, पाय दाबला की मोठी उघडतात आणि हवा ओढल्याचा खोल घरघराट येतो. तरी आजोबांच्या हिशेबाने लिटरला चारच किलोमीटर. 1973 च्या तेलटंचाईनंतर या गाड्यांचे दिवस का फिरले, ते यावरूनच कळेल.

त्या काळी ओल्ड्समोबाइल, ब्यूक, पाँटिअ‍ॅक, शेव्हरोले या एकाच कंपनीच्या चार घरांची व्ही-8 इंजिनं वेगवेगळी होती. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, एकच, 1-8-4-3-6-5-7-2, पण प्लगना ठिणगी वाटणारा शेव्हरोलेचा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि ओल्ड्सचा उलटा. एकाच्या सवयीने दुसऱ्याच्या प्लगच्या वायरी लावल्या तर गाडी चालू होणार नाही. लोकांना या फरकाचा अभिमान होता. 1977 च्या काही ओल्ड्समोबाइलमध्ये शेव्हरोलेचं इंजिन निघालं, तेव्हा गिऱ्हाइकं कोर्टात गेली. मला त्यांचं पटतं.

मागच्या चाकांवर स्प्रिंगचे पाटे आहेत, अँबॅसॅडरसारखेच. आजोबा गाडीखाली टॉर्च मारून दाखवत होते आणि मला काकांच्या गॅरेजमधला खड्डा दिसत होता, तू खाली, मी वरून पाने देतोय.

थंडी सरली की त्यांना क्वाड्राजेट उतरवून साफ करायचा आहे. नुसत्या कानाने ठिणगीचं टायमिंग लावणारा माझा एक मित्र आहे, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. मे महिन्यात मुलीकडे येशील तेव्हा आठ दिवस इकडे काढ. आणि फटी मोजायचा तुझा तो जुना फिलर गेज बॅगेत टाक.

तुझाच,
विजू