आईच्या बॅगेतली बाटली

वीसबाडेन,
रविवार, रात्र

प्रिय कुंदे,

दादाचा फोन आत्ता ठेवला आणि लिहायला बसले. ह्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, "तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात" म्हणाले आणि झोपायला गेले. मला आत्ता न्यायनिवाडा नको आहे, तू हवी आहेस. तुला पहिल्यापासून काही सांगावं लागत नाही.

तब्येती ठीक. आईचा गुडघा तसाच आहे, माझी थायरॉइडची गोळी चालू आहे.

तर झालं असं, की आईने वाइन घेतली. खुर्ची ओढून बस आणि पुढचं नीट वाच.

तिला योहानिसबर्गला घेऊन गेले होते. आमच्याकडून गाडीने जवळच आहे. वर टेकडीवर वाडा आणि खाली पार ऱ्हाइनपर्यंत द्राक्षंच द्राक्षं. इथे आल्यापासून तिचं मन कशातच रमत नव्हतं, चर्च दाखवा की बाजार दाखवा. बाग दिसली मात्र, बाई काठी टेकत थेट ओळीत शिरली. पहिलं काय केलं असेल? पान उलटं करून डावणी रोग आहे का ते पाहिलं. पिंपळगावची लेक शेवटी. मग तारा किती उंचीवर बांधल्यात, दोन वेलींत अंतर किती, घड इतके बारके का, सगळं विचारून झालं. मी दुभाषी.

तिथे आवारात एका घोडेस्वाराचा पुतळा आहे. त्याची गोष्ट अशी सांगतात: ही बाग तेव्हा फुल्ड्याच्या बिशपच्या मालकीची होती आणि तोडा सुरू करायचा तर परवानगी तिकडून यायची. 1775 साली परवानगी घेऊन येणारा स्वार फार उशिरा पोचला. तोवर द्राक्षं वेलीवरच सुरकुतली, बुरशी धरली. टाकवेनात म्हणून तीच तोडली, आणि त्यातून जी वाइन निघाली तशी कुणी आधी चाखली नव्हती. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची म्हणून श्पेटलेझ.

आई आपल्या वडिलांची आठवण काढून म्हणाली, "बुरशी धरलेला घड दिसला असता तर आप्पांनी लगेच पंप पाठीला लावला असता." मग तिला मी सांगितलं, की ही बुरशी निराळी. तिचं नाव बोट्रायटिस. सकाळी धुकं आणि दुपारी कोरडं ऊन असं जमलं, तर ती मण्याच्या सालीला बारीक भोकं पाडते. पाणी उडून जातं. साखर, आंबटपणा आणि वास आत आटून राहतात. पाऊस लागून राहिला तर हीच बुरशी बाग नासवते. फ्रान्सात सोतेर्न नावाचा भाग आहे, तिथे सिरोन ही गार पाण्याची छोटी नदी गारोनला मिळते आणि शरदात सकाळी धुकं धरतं. हंगेरीत टोकायला बोद्रोग आणि तिसा या नद्या तेच काम करतात. आणि कुंदे, सोतेर्न हे बोर्डोच्या पोटातलंच! आप्पा जन्मभर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारत आले ते बुरशी जावी म्हणून, आणि त्याच बोर्डोत लोक बुरशी यावी म्हणून आभाळाकडे डोळे लावून बसतात. तिथल्या शातो दिकेम या मळ्यात तर एकाच बागेत पुन्हा पुन्हा फिरून तयार झालेले तेवढेच मणी वेचतात. एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास वाइन निघते. आईला हे इतकं पटलं! "मेहनतीचं आहे गं," म्हणाली.

मग तिने स्वतःहून विचारलं, "बघू तरी कशी लागते."

मी एक ग्लास मागवला, गोड श्पेटलेझचा. तिने तो आधी नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. माझा जीव वर-खाली. तिला कुठल्या वासाची धास्ती आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? अण्णांच्या त्या वर्षांत मी आणि दादा तुमच्या माडीवर झोपायला यायचो, तुझी आई काही न विचारता गाद्या घालायची. मला वाटलं, आता ग्लास खाली ठेवेल. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "शेवटच्या घडाची चव आहे ही."

व्यापाऱ्याचा तोडा होऊन गेल्यावर पानांआड एखादा घड राहून जायचा. चैत्राच्या उन्हात तो पार सुकत यायचा, ना धड द्राक्ष ना धड बेदाणा. ती आणि मावशी दुपारी जाऊन तेवढेच शोधायच्या. हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. त्या टेकडीवर बसून तासभर माहेरचं बोलत होती.

मी कौतुकाने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. दादा भडकला. "या वयात आईला दारू पाजतेस? अण्णांचं विसरलीस?" म्हणाला. विसरेन मी? पण तोही काही खोटा नाही गं. अण्णांना दवाखान्यातून खांद्यावर आणलंय त्याने. घरात बाटली म्हटली की त्याच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला मी कधी नावं ठेवणार नाही. मला लागलं ते पुढचं. तो म्हणाला, "तिला काय कळतंय." सगळं तिलाच तर कळलं कुंदे! टेबलावरच्या बाकी लोकांना काय कळलं होतं?

इथला आमचा एक मराठी मित्रही तसलाच. गोड वाइन म्हणजे नवशिक्यांची, जाणकार कोरडीच, म्हणजे साखर न उरलेलीच घेतात, असं ठासून सांगतो. मला हे मुळीच पटत नाही. नुसती गोड असेल तर ती सरबत, ते मान्य. पण चांगल्या गोड वाइनला आंबटपणाचा कणा असतो. घोट उतरल्यावर तोंड चिकट होत नाही, उलट पाणी सुटतं. आमरसावरून आपलं जन्माचं भांडण आहे ना, तेच हे. तू वरून साखर घालतेस, मी म्हणते हापूसला स्वतःचा आंबटपणा आहे, तो मारू नकोस. हॉस्टेलच्या ट्रंकेत तू गोव्याची पोर्ट लपवली होतीस, तीही तुझ्या आमरसासारखीच होती, साखरच साखर. (रागावू नकोस. अर्धी मीच संपवली होती.)

आता खरी काळजी. आई पुढच्या महिन्यात नाशिकला परत जाते आहे आणि तिला एक बाटली बरोबर हवी आहे. "देवघराच्या कपाटात ठेवीन, सणावारी घोटभर घेईन," म्हणते. कुठली द्यायची ते ठरत नाही. श्पेटलेझ म्हणजे तोडणीच्या वेळी द्राक्ष किती पिकलं होतं एवढंच, वाइन गोड असेलच असं नाही. लेबलवर ट्रोकन असेल तर ती कोरडी. माझी युक्ती अल्कोहोलचा आकडा बघायची: रीसलिंगवर (इथलं पांढरं द्राक्ष) साडेसात-आठ टक्के लिहिलं असेल तर साखर वाइनमध्ये उरली आहे, साडेबारा असेल तर सगळी आंबून संपली. हलकी श्पेटलेझ दादाला त्यातल्या त्यात सोसेल. पण उघडली की फ्रिजमध्ये आठवडाभर, आणि आईचा सण आठवड्याला येत नाही.

टॉनी नावाची पोर्ट वाइन महिनाभर टिकते, पण तिच्यात द्राक्षाची कडक दारू घालून आंबणं मध्येच थांबवलेलं असतं. वीस टक्के. ते नकोच, त्या वासाने तिचं मन मोडेल. आइसवाइनचा मोह झाला होता. उणे सात अंशाला वेलीवर गोठलेली द्राक्षं तशीच चिरडून काढतात. पण किंमत डोळे फिरवणारी, आणि 2019 च्या हंगामात अख्ख्या जर्मनीत पुरेशी थंडीच पडली नाही, एकाही भागात ती करता आली नाही. थंडीचा भरवसा असा उरलाय.

दुकानदारीणबाईंनी टोकाय आसू काढून दाखवली, त्याच बुरशीच्या द्राक्षांची. बाटली अर्ध्या लिटरची आणि लिटरमागे निदान 120 ग्रॅम साखर. मला चाखायला दिली. जर्दाळू, मध, संत्र्याची साल, आणि शेवटी असा लखलखीत आंबटपणा की मी दुकानातच हसले. उघडल्यावर फ्रिजमध्ये काही आठवडे चांगली राहते. आईची साखर काठावर आहे, म्हणून हिशोब केला: 50 मिलीलिटरमध्ये निदान सहा ग्रॅम. दादा स्वतः चहात त्याहून जास्त घालतो. तिच्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं. जेवणाबरोबर, क्वचित, एवढंसं चालेल म्हणाले. तर मन तिकडेच झुकतंय. पण शेवटच्या घडाची चव त्यात तिला सापडेल का? हंगेरीची आहे ती, तिची नाही. यावर झोप उडाली आहे, हसलीस तरी चालेल.

म्हणून तुझ्याकडे एक काम. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां (शेनिन हे द्राक्षाचं नाव, उशिरा तोडलेलं) नाशिकलाच मिळते. आपल्याकडे ते धुकं नाही, पण मार्चचं ऊन आहे, आणि शेनिनचा आंबटपणा त्या उन्हातही बराच तग धरतो. तू आधी घेऊन बघ. फ्रिजमधून काढून जरा वेळाने लहान ग्लासात घे, फार गार असली तर वास मिटतो. श्रीखंड किंवा शिऱ्याबरोबर घेऊ नकोस. मी ती चूक केली. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन लिंबासारखी आंबट लागते. खारे बदाम घे, अळूवडी घे. हलकी गोड वाइन मिसळीबरोबरही जमते, तिखटाला गोडवा शांत करतो. कडक वाइनने मात्र तिखट आणखी भडकतं.

तुझ्या चिन्मयीची ॲडमिशन झाली का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी? फ्लॅटचं काय ठरलं ते सविस्तर लिही, मी इथे आपलीच रामकहाणी लावली आहे.

आणि दादाशी तू बोल. माझं ऐकून तो चढतो, तुझं ऐकतो. त्याला वाद घालू नकोस, फक्त एका दुपारी आईकडे त्याला बसव आणि पिंपळगावच्या बागेचं विचारायला लाव. ग्लास काढायचा की नाही ते आई ठरवेल. टोकायची बाटली मी तिच्या बॅगेत घालतेच आहे, नऊवारीत गुंडाळून. आई घरी पोचली की बाटली आधी बॅगेतून काढून आडवी ठेव, आणि शेनिन कशी लागली ते मला आठ दिवसांत कळव.

तुझीच,
शैला

ता. क. आमरसात साखर घालायची नाही ती नाहीच.