रविवारच्या गप्पा : अप्सली हाऊस

मंडळी, येत्या रविवारी संध्या. ७ ला ऑनलाईन भेटायचंय, विषय लंडनचं अप्सली हाऊस. लिंक शनिवारी टाकतो.

१७७० च्या दशकात लॉर्ड अप्सलीसाठी रॉबर्ट अ‍ॅडमने बांधलं, १८०७ ला रिचर्ड वेलस्लीने घेतलं आणि १८१७ ला धाकट्या भावाने म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टनने (वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा), हाच तो १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या असईच्या लढाईतला वेलस्ली, म्हणजे आपलाही जुना हिशोब आहेच! जिन्याखाली नेपोलियनचा ११ फुटी नग्न पुतळा, शत्रूचा, घरात!! १९४७ ला घर सरकारकडे गेलं तरी वंशज अजून एका भागात राहतात.

- माईक म्यूट ठेवा
- प्रश्न आधीच ग्रुपवर टाका
- फॉरवर्डेड मेसेज नकोत प्लीज