रॅम्प आहे, पण चढायचा कसा?

सोसायट्यांच्या दाराशी हल्ली रॅम्प दिसतात, पण बरेचसे दुचाकी चढवण्यापुरतेच. व्हीलचेअरला एक इंच उंचीमागे निदान १२ इंच लांबी लागते. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर रॅम्प १८ फूट हवा. तो सहा फुटांत उरकला की चढताना खुर्ची मागे कलंडते. अशा रॅम्पवरून उतरवताना खुर्ची उलटी धरून, ढकलणाऱ्याने उताराच्या बाजूला राहून हळूहळू मागे यावे.

वर दाराआधी पाच फूट सपाट जागा हवी, नाहीतर एका हाताने खुर्ची धरून दुसऱ्याने कुलूप उघडायची कसरत! पॉलिश केलेला ग्रॅनाइट पावसाळ्यात घसरतो. खरबरीत फरशीच बरी. पायथ्याशी गटाराची जाळी असेल तर तिच्या पट्ट्या जाण्याच्या दिशेला आडव्या बसवाव्यात. उभ्या असल्या की पुढची छोटी चाके फटीत रुततात आणि बसलेला माणूस तोंडावर पडतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय इमारतपूर्णत्वाचा दाखला नाही, अशी तरतूद आहे. पालिकेच्या अभियंत्यांनी दाखल्याआधी रॅम्पला टेप लावून पाहावी.

– एक वाचक