ठिपका थांबतो तेव्हा

ती. अण्णा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोन रोज होतो, पण फोनवर अण्णा "बरं आहे, आईला देतो" म्हणून मोकळे होतात आणि आईचा निम्मा वेळ मी जेवले का हे विचारण्यातच जातो. मला जे सांगायचंय ते त्यात मावत नाही. आई, चष्मा शोध आणि अण्णांना मोठ्यानं वाचून दाखव. त्यांच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली असेल तर आधी ते घाल.

गेल्या महिन्यात आले होते तेव्हा फाट्यावरच्या वडाखाली अण्णांची जुनी ट्रक-ड्रायव्हर मंडळी जमली होती. मी चहाची किटली द्यायला गेले आणि दिवेलागणीपर्यंत तिथंच बसून राहिले. अण्णा, तुम्हाला इतकं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आमच्या लहानपणी तुम्ही लाईनवरून यायचात, दोन दिवस झोपायचात आणि तिसऱ्या दिवशी पहाटे निघून जायचात. कुठं गेले होते असं कुणी विचारलं तर आम्ही "कलकत्ता" म्हणायचो. आमच्यासाठी तो एक शब्द होता. त्या शब्दात काय काय होतं, ते त्या संध्याकाळी कळलं.

तुम्ही चौघं रस्ता नुसता आठवत नव्हता, पुन्हा चालवत होता. भंडारा, साकोली, देवरीचा नाका, पुढं राजनांदगाव, दुर्ग, रायपूर. तेव्हा देवरीच्या पलीकडे मध्य प्रदेशच लागायचा, छत्तीसगड २००० साली झालं. मग संबळपूर, देवगड, केंदुझर, बहरागोडा, खरगपूर. मिरजेचे चाचा एक गाव विसरले तर तिघांनी एकदम सांगितलं. नव्या क्रमांकांनुसार तो रस्ता आता त्रेपन्न आणि एकोणपन्नास नंबरचा आहे असं मी मध्येच म्हणाले, तेव्हा तुम्ही हात झटकलात. "आमचा सहा नंबर." जाताना साखर नाहीतर कांदा, येताना भिलाईचं लोखंड. परतीचं भाडं मिळेपर्यंत तीन-तीन दिवस गाडीखाली सावलीला झोपायचं, आणि भत्ता तर तेवढाच.

तुमचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा का, हे मी शाळेत असताना विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "खिडकीचा हात आहे तो." डाव्या पायाचं मात्र कधीच सांगितलं नव्हतंत. तुमच्या टाटा १२१० ट्रकमध्ये इंजिनाचं झाकण केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या पायाला लागून. मे महिन्यात नागपूर ते रायपूर त्या पायाला ओलं पोतं गुंडाळून चालवायचात, हे मी वडाखाली ऐकलं. त्या पायाच्या पोटरीवर केस का नाहीत, हे आईला तरी माहीत होतं का? आता २०२५ सालापासून नव्या बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. आमच्या यार्डात तसली एक नवी गाडी आली, तेव्हा मी मुद्दाम वर चढून बसले. एका बोटानं फिरेल असं स्टिअरिंग. मला तुमचे खांदे आठवले. घाटात वळण घेताना सीटवरून अर्धं उठून सगळं अंग चाकावर टाकावं लागायचं, असं चाचा म्हणाले होते. ती गाडी चालवणारा पोरगा पंचविशीचा असेल. त्याला हे सुख मिळतंय याचा मला फार आनंद झाला, आणि तुम्हाला मिळालं नाही म्हणून घशाशी आवंढाही आला.

घाटाचं तुम्ही जे सांगितलंत ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतारावर गाडी सोडणारे होते, त्यांतले किती जण आज वडाखाली नाहीत, हे तुम्ही बोटांवर मोजलंत आणि हात आवरता घेतलात. ब्रेकचे लायनर तापल्याचा वास आला की गाडी कडेला, क्लीनरनं उडी मारून टायरखाली लाकडाचा ठोकळा घालायचा, मग ड्रम निवेपर्यंत कितीही वेळ जाऊ दे. खंबाटकी तेव्हा जायला आणि यायला एकच होता. पुढं बोगदा झाला तेव्हापासून साताऱ्याकडं जाणाऱ्याच गाड्या घाट चढू लागल्या, येणाऱ्या बोगद्यातून येऊ लागल्या. मी दर वेळी तुमच्याकडं येताना तो घाट चढते, आणि आता प्रत्येक वळणावर कान इंजिनाकडं जातो.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितेय ती दगडांची.

गाडी बंद पडली की मागं पन्नास पावलांवर दगड लावायचे, झाडाची फांदी मोडून ठेवायची, म्हणजे अंधारात मागून येणारा सावध होतो. हे मी रस्त्यात पाहिलेलं होतं. तुम्ही त्याचा पुढचा भाग सांगितलात. गाडी दुरुस्त झाली, निघायची घाई आहे, नाक्यावर नंबर लागायचाय, तरी क्लीनर मागं जाऊन दगड उचलून आल्याशिवाय चाक हलवायचं नाही. विसरलेल्या दगडावर दुचाकीवाला मरतो. आणि दुसऱ्याची बंद गाडी वळणावर उभी दिसली, तिच्यामागं दगड नाहीत, तर आपली गाडी थांबवून आपण लावायचे. तो ड्रायव्हर ओळखीचा असो नसो. टोपीवाले काका म्हणाले, "ते न लावता पुढं गेलो असतो तर झोप नसती आली." तुम्ही चौघांनीही मान हलवलीत आणि बोलणं दुसरीकडं गेलं.

माझं लक्ष मात्र तिथंच राहिलं. अण्णा, माझं काम काय आहे हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. "वाहतूक कंपनीत ऑफिसला" एवढंच सांगितलंय. मी रात्रपाळीला एका मोठ्या पडद्यासमोर बसते. पडद्यावर देशाचा नकाशा असतो, त्यावर आमच्या गाड्यांचे ठिपके. हलणारा हिरवा, थांबलेला लाल. ठिपका तीस मिनिटांपेक्षा जास्त लाल राहिला की मी ड्रायव्हरला फोन लावायचा, "गाडी का थांबली?" आणि उत्तर पटलं नाही तर शेरा मारायचा. जकात नाके गेले. मुंबईची जकात २०१७ च्या जुलैत जीएसटीबरोबर बंद झाली. तुम्ही ज्या पारगमनाच्या, म्हणजे शहरातून माल नुसता पुढं नेण्याच्या, पावतीसाठी रात्र रात्र रांगेत काढायचात, तो शब्दसुद्धा आता नव्या पोरांना माहीत नाही. टोल फास्टॅगवर कापला जातो. पण त्या जागी दुसरं घड्याळ आलंय. मालाबरोबर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन काढलेला कागद, असतो, त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. दिवस संपला की कागद बाद. गाडी कुठं बिघडली किंवा रस्त्यात अडकली, तर मुदत वाढवून घ्यायची धावपळ वेगळीच. म्हणून आम्ही ठिपक्याच्या मागं लागतो.

दिवाळीच्या आधी एका रात्री साकोलीच्या पुढं एक ठिपका पन्नास मिनिटं लाल होता. मी तीनदा फोन केला, उचलला नाही. चौथ्या वेळी तो धापा टाकत म्हणाला, "मॅडम, वळणावर बंद गाडी होती. मागं काही लावलेलं नव्हतं. दगड आणून लावले, त्याच्या क्लीनरला बॅटरी देऊन उभा केला." मला ते कारण वाटलं नाही. मी शेरा लिहिला, "विनाकारण थांबा." महिन्याअखेर त्याच्या पगारातून त्याचे पैसे कापले गेले.

वडाखाली तुमचं बोलणं ऐकताना माझ्या हातातला कप थंड झाला तो यामुळं. तुम्ही विचारलंत, "काय झालं गं?" मी "काही नाही" म्हणाले. हे झालं होतं.

सोमवारी कामावर गेल्यावर मी तो शेरा बदलायला लिहून दिलं. साहेबांना पटवायला दोन आठवडे लागले. कापलेले पैसे त्याला मिळाले. मी त्याला फोन करून माफी मागितली, तर तोच ओशाळला. तुमचीही ताडपत्री चोरट्यांनी घाटात फाडली होती आणि मालकानं तिचे पैसे तीन महिने पगारातून वळते केले होते. हे तुम्ही त्या दिवशी इतक्या शांतपणे सांगितलंत, जणू दुसऱ्या कुणाचं. मला राहवत नव्हतं. आणि माझ्या हातूनही तेच झालं होतं.

ऑफिसच्या प्रशिक्षणात १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा शिकवला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. तुम्ही गाडीवर गेलात तेव्हा तो कायदा होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. वडाखालच्या चौघांपैकी एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं.

आता एक बोलू का? रागावू नका. आजोबा गेले तेव्हा तुम्ही तेराव्याला आलात. त्याचा राग मी कितीतरी वर्षं धरून ठेवला होता. आईला एकटीला सगळं करताना मी पाहिलं होतं. तार नागपुरातल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पडून होती आणि ती तुम्हाला परतीच्या वाटेवर मिळाली, हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही. तिथून न झोपता आलात. "दारात आलो तर लोक जेवून उठत होते," असं तुम्ही वडाकडं बघत म्हणालात. अण्णा, तुम्ही हे आम्हाला का नाही सांगितलंत? मी तेव्हा दहावीत होते, मला कळलं असतं. तो राग आता नाही. तो होता आणि आता नाही, हे दोन्ही तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

आई, आता तुझं. त्या संध्याकाळी मी चौघांना विचारलं, तुम्ही कुठं आहात ते घरी कसं कळायचं? सगळे गप्प झाले. मग एक काका म्हणाले, "बायकांना सवय असते." मला ते उत्तर पटलं नाही. रात्री भाकरी थापताना मी तुला विचारलं. तू बोलली नाहीस, हात धुऊन ट्रंक उघडलीस. अण्णांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा काढलास. प्रत्येक कार्डावर त्याच तीन ओळी : गाडी ठीक, तब्येत ठीक, आज अमुक ठिकाणी मुक्काम. आणि त्याखाली दादाचा शाळेचा नकाशासंग्रह, भारताच्या पानावर पेन्सिलचे ठिपके. कार्ड आलं की तू गाव शोधायचीस, नाही सापडलं तर दादाच्या मास्तरांना विचारायचीस, आणि ठिपका द्यायचीस. केंदुझरपाशी कागद खोडून खोडून झिरझिरीत झालाय.

मी म्हणाले, अगं पण कार्ड यायला आठवडा लागायचा, तोवर अण्णा कुठल्या कुठं गेलेले असायचे. तू म्हणालीस, "हे आता तिथं नाहीत हे मला कळायचं गं. पण तिथवर नीट गेलेत, एवढं तर कळायचं."

मी पगार घेऊन जे काम करते ते तू तीस वर्षं चुलीपुढं बसून केलंस. तू कधीच विचारलं नाहीस की गाडी का थांबली.

आता माझा पहिला प्रश्न बदललाय. ठिपका लाल झाला की मी विचारते, "सगळं ठीक आहे ना? जेवलात का?" कारण मग तेच सांगतात. आणि शेऱ्यांच्या यादीत आम्ही एक नवं कारण घालून घेतलं, "रस्त्यात मदत." त्याचे पैसे कापायचे नाहीत. एवढं करून घेता आलं, अजून बरंच बाकी आहे.

अण्णा, तुमच्या परवान्याचं. जड वाहनाचा परवाना नूतनीकरण करून दे म्हणालात तेव्हा मी "आता कशाला?" असं तोडून बोलले. चुकलंच माझं. ट्रान्सपोर्टच्या परवान्याला डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि तो पाच वर्षांसाठी मिळतो. डोळ्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले की मी घेऊन जाईन. डॉक्टर जे सांगतील ते शेवटचं. नजर पुरेशी नाही म्हणाले तर आपण अर्ज करायचा नाही, आणि तुम्हीही हट्ट करायचा नाही. हो म्हणाले तर फॉर्म मी भरते. जुनी परवान्याची पुस्तिका आणि बिल्ला दोन्ही काढून ठेवा. बिल्ला लागणार नाही, मला बघायचाय.

आणि थंडीत आठ दिवस मोकळे ठेवा. मी रजा टाकलीय. आपण तिघं रायपूरपर्यंत जाऊ, जमलं तर संबळपूर. गाडी मी चालवणार. अण्णा, तुम्ही मागं बसायचं. पुढं आई बसेल, कारण तिनं ही सगळी गावं नुसती पेन्सिलनं पाहिलीत. कुठं थांबायचं ते तिनं सांगायचं, आणि कितीही वेळ.

आई, नकाशा पिशवीत घालायला विसरू नकोस.

तुमची,
धाकटी