सागरी विष, औषध आणि स्पिरुलिनाच्या गोळ्या

महोदय,

सागरी जीवांपासून मिळणाऱ्या कर्करोगावरील औषधांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडला. मात्र डोलास्टॅटिन-10 या रेणूचे सारे श्रेय त्यात समुद्रससा या गोगलगायीच्या कुळातील प्राण्याला दिले आहे, ते अपुरे वाटते. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील जॉर्ज पेटिट यांनी हिंदी महासागरातील समुद्रसशांपासून हा रेणू वेगळा केला आणि 1987 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली, हे खरेच. परंतु टनावारी प्राणी वापरूनही हाती 30 मिलिग्रॅमही ऐवज आला नाही. एवढ्या अत्यल्प प्रमाणामुळे तो प्राण्याने बनवलेला नसून खाद्यातून आलेला असावा, ही शंका बळावली. 2001 मध्ये पलाऊ या प्रशांत महासागरातील द्वीपराष्ट्राच्या समुद्रातील सिम्प्लोका या सायनोबॅक्टेरियातून, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूतून, तोच रेणू थेट मिळाला. समुद्रससा झुबक्यांनी वाढणारे असे जिवाणू चरतो आणि त्यांचे विष, स्वतःला बाधू न देता, अंगात साठवतो.

'विष' हा शब्द मी जाणूनबुजून वापरत आहे. सदाफुलीतील विन्क्रिस्टीन या कर्करोगावरील औषधाप्रमाणे हा रेणूही ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटून पेशींचे विभाजन रोखतो, पण रोगी आणि निरोगी पेशींत फरक करत नाही. म्हणूनच नुसते डोलास्टॅटिन-10 रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा सोसवेल एवढ्या मात्रेत त्याचा म्हणावा तसा गुण आला नाही. पुढे त्याच्याच धर्तीवर प्रयोगशाळेत घडवलेला एमएमएई हा रेणू, काही कर्कपेशींच्या पृष्ठभागावरील सीडी30 हे प्रथिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) जोडण्यात आला. हे जोडऔषध कर्कपेशीत शिरल्यावर तिथली विकरे (एन्झाइम) मधला दुवा तोडतात आणि विष मुख्यतः तिथेच मोकळे होते. ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन या नावाने त्याला 2011 मध्ये अमेरिकेत हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. तरीही हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा असे त्रास बऱ्याच रुग्णांना होतातच.

हा तपशील लेखात आला असता, तर 'सायनोबॅक्टेरिया कर्करोग बरा करतात' असा सोयीचा अर्थ कुणाला काढता आला नसता. स्पिरुलिना हाही सायनोबॅक्टेरियाच असल्याने, त्याच्या गोळ्या विकणारे असल्या लेखांची कात्रणे पुढे करतात. स्पिरुलिना हे पूरक अन्न म्हणून कुणी जरूर घ्यावे, परंतु त्यात डोलास्टॅटिन नसते, आणि असते तर ती गोळी दुकानात अशी सहज विकताच आली नसती. पुढील अंकात एवढा खुलासा छापावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे