महादूची पेटी

मेलबर्न, रविवार

प्रिय सुध्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. तुझ्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेलाही उत्तर दिलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. माझी तब्येत बरी, शुगर आटोक्यात.

आज लिहायला बसलो ते महादूमुळे.

काल मुलाबरोबर ॲव्हनेलला गेलो होतो. तिथल्या दफनभूमीत जॉन केली पुरलाय. १८८० साली मेलबर्नच्या तुरुंगात फाशी गेलेल्या नेड केली या दरोडेखोराचा बाप. आयर्लंडातल्या टिपररीचा गडी. दोन डुकरं चोरली म्हणून १८४१ मध्ये सात वर्षांची हद्दपारी झाली. आपल्याकडचं काळं पाणीच ते! कित्येक महिने जहाजात काढून जानेवारी १८४२ मध्ये तो टास्मानियात उतरला. दोन डुकरं रे, सुध्या! सात वर्षं भरली तरी परतीचं भाडं सरकार देत नसे. मग हा समुद्र ओलांडून इकडे व्हिक्टोरियात आला, लग्न केलं, पोरं झाली. १८६५ मध्ये चोरीच्या वासराचं कातडं सापडलं म्हणून पंचवीस पौंड दंड, नाहीतर सहा महिने कैद. पैसे कुठले असणार? गेला आत. १८६६च्या डिसेंबरात वारला. मृत्यूची नोंद करायला गेला तो अकरा-बारा वर्षांचा नेड.

मुलगा विचारत होता, ‘बाबा, एवढ्याशासाठी माणसाला कुणी इतकं लांब पाठवतं?’ मला बोलवेना. आपण बोर्डिंगच्या गच्चीवर शेंगदाणे खात बसलो होतो ते दिसायला लागलं. कोठीतून काढले महादूने, पण खाल्ले तिघांनी. आणि तू तर गूळही लाटलास, टरफलं माझ्या गादीखाली सारून वर घोरत पडलास! सकाळी मात्र पेटी डोक्यावर घेऊन एस.टी. स्टँडकडे एकटा महादू चालत गेला. आठवीतलं पोर. आपली नावं त्याने घेतली नाहीत. जाताना वर खिडकीकडे बघितलंन, ते तूही पाहिलंस.

त्यावरून आपण किती भांडलो! तू म्हणायचास, ‘मी रेक्टरकडे निघालो होतो, तूच माझा हात धरलास.’ मी कायम नाही म्हणत आलो, तुझ्या लग्नात पंगतीतसुद्धा त्यावरून तोंड फिरवून बसलो. सुध्या, हात मीच धरला होता. घट्ट धरला होता. मला घरी पाठवलं असतं तर अण्णांनी शाळा सोडायला लावली असती, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

काल कबरीपाशी उभं राहून महादूचं आडनाव आठवत होतो. आठवलं नाही. रात्रभर झोप नाही.

तुला आठवतं का? त्याचं गाव घाटाखालचं होतं, बाप लाकडं फोडायचा, एवढंच माझ्याकडे आहे. तुझा मेव्हणा अजून डेपोत असेल तर त्याला विचार. महादू सापडला तर दिवाळीत येतो, आपण दोघं मिळून जाऊ. पुढे त्याची शाळा झाली का, एवढं तरी मला कळू दे.

वहिनींना नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन उरकलंस की अजून टाळतोयस?

तुझा,
विन्या